चेहऱ्याचं विरजण

शालनअक्कांच्या फ्रीजमध्ये दुसऱ्या फळीवर दोन विरजणं शेजारी शेजारी असत. एक दह्याचं, चिनी मातीच्या वाडग्यात, त्यांच्या सासूच्या काळापासून एक दिवसही न मोडलेलं. दुसरं सुनेच्या चेहऱ्याचं, अंगठ्याएवढ्या निळ्या डबीत. त्या डबीला अक्कांनी स्वतः लाल दोरा गुंडाळला होता, कारण त्यांचा लेक हर्षवर्धन सकाळी डोळे मिटूनच फ्रीज उघडणाऱ्यांतला.

"हे दुधात पडलं तर उद्या गिऱ्हाइकांना तुझ्या बायकोच्या तोंडाचं दही मिळंल," अक्का म्हणाल्या.

"आई, सकाळी सकाळी काय बोलतीस!"

"मग डोळं उघडून हात घालत जा."

सानिका आंघोळ करून आली. साबण तिला बंद होता. तिनं डबी उघडली, बोटाच्या टोकावर येईल एवढी साय घेतली आणि कपाळ, गाल, हनुवटी, मान, खांदे, छाती अशी हलक्या हातानं पसरली. मग आरशात बघून हसली. आरशात बघून सून हसते, हे त्या घरात नवीन होतं.

सानिका तेहतीस वर्षांची. या वयात तोंडावर पुटकुळ्या येतात, हेच लोकांना पटत नसे. थंडीत चेहरा अगदी शांत असायचा. पण थंडी आता पूर्वीसारखी मुक्काम ठोकत नव्हती, पाहुणीसारखी यायची आणि चहा पिऊन उठायची. ती उठली आणि होळीच्या तोंडावर हवा फिरली, की सानिकाच्या जबड्याच्या कडेला, मानेवर, छातीवर गाठी उठायच्या. वर तोंड नसलेल्या, आतल्या आत ठणकणाऱ्या. झोपेत कूस बदलली तरी जाग यायची. दसऱ्यानंतरच्या उकाड्यात पुन्हा तोच खेळ.

सल्ले मात्र बारमाही. शेंगदाणे सोड. आंबा सोड. पोट साफ होतं का? लग्न झालं की जातील. लग्न झालं, तर मूल झालं की जातील. एका आत्यानं तर "म्हशीचं दूध बंद कर" म्हणून सांगितलं, तेही गवळ्याच्या घरात बसून, त्याच दुधाचा चहा पीत. अक्कांनी तिच्या हातातली बशी काढून घेतली होती. "मग हेही नको तुला," म्हणाल्या, "पुटकुळ्या येतील."

सानिका गूळ परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत होती. घरूनच पडद्यावर गिऱ्हाइकांशी बोलायची. तिकडच्या भिंतीवर आपला चेहरा हंड्याएवढा दिसतो, हे तिला एका सहकाऱ्यानं गमतीत सांगितलं आणि तिनं त्या दिवसापासून तोंडाला ओढणी गुंडाळायला सुरुवात केली. धुळीची ॲलर्जी आहे म्हणे. पुढं ती ओढणी घरातही सुटेना. डिसेंबरात लेक झाली, ऐन थंडीत चेहरा नितळ झाला, तेवढे दिवस बरे गेले. माघ सरला, गोठ्यातल्या म्हशी दुपारच्या धापा टाकायला लागल्या, आणि एक दिवस अक्कांनी पाहिलं: सून भिंतीकडे तोंड करून जेवत होती. ओढणी वर उचलून एक घास, पुन्हा खाली.

अक्का तशा फटकळ. शाळेत त्या तिसरीपर्यंत गेल्या, नंतर म्हशी राखल्या. पण भिंतीकडे तोंड करून जेवणं म्हणजे काय, ते त्यांना शाळेशिवाय कळत होतं. त्यांच्या स्वतःच्या गालांवर देवीच्या वणांसारखे खड्डे होते, देवी न येता पडलेले. त्यांना बघायला आलेल्या पहिल्या पाहुण्यांनी कांदेपोहे खाल्ले, ताटल्या खाली ठेवल्या आणि "पोरीला काही रोग आहे का?" असं त्यांच्यासमोरच विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी सुनेला हाताला धरून त्वचेच्या डॉक्टर मुल्लाणींकडे नेलं.

"बाळ अंगावर पितंय तोवर त्या जालीम गोळ्या देता येत नाहीत," डॉ. अफरोजा मुल्लाणी म्हणाल्या, "आणि नुसत्या मलमानं हे भागणार नाही. एक नवीन उपाय आलाय. आपल्या कातडीवर जिवाणूंची वस्ती असते, अक्का. ते असतातच, असायलाच हवेत. पण हवा बदलली, घाम आणि तेल वाढलं, की त्या वस्तीत भांडणं लागतात. त्यात एखादी दांडगी जात माजते, छिद्रं तुंबलेली असतातच, मग आत सूज धरते. म्हणून आता आम्ही जुनी वस्ती उठवतो आणि जिचं कातडं बाराही महिने शांत असतं, अशा एका बाईची वस्ती तिथं आणून बसवतो."

"म्हंजे विरजण," अक्का म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई हसल्या. "कंपनीनं त्याला लांबलचक नाव दिलंय. पण हो, विरजणच."

"भांडं घासून घ्यायचं, दुसऱ्याच्या घरचं विरजण लावायचं."

"अगदी बरोबर."

"कुणाच्या घरचं?"

"ते कंपनी सांगत नाही. कुठलीतरी एक मुलगी आहे, एवढंच."

तीन दिवस एका द्रवानं चेहरा, मान, छाती धुऊन जुनी वस्ती उठवली. मग रोज सकाळी डबीतली साय. पहिल्या आठवड्यात काही नाही. दुसऱ्या आठवड्यात गाठी बसू लागल्या. अठराव्या दिवशी सानिका ओढणीशिवाय अंगणात आली, आणि समोरच्या राजश्रीनं गॅलरीतून हाक मारून विचारलं, "काय गं, काय लावलंस?" सानिकानं मोठ्यानं सांगितलं. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

त्याच आठवड्यात लेकीनं दूध सोडलं.

लेकीचं नाव शर्वी, अक्कांसाठी चिंगी. तोवर पोर अशी भुकेजलेली, की पदर सरकवायच्या आधी ओठ हलायचे. आता सानिकानं छातीशी धरलं, की चिंगी नाक मुरडायची, मान फिरवायची, पाठीची कमान करून रडायची. जणू कुणी परकी बाई तिला उचलून नेत होती. तेच काढलेलं दूध बाटलीत भरून अक्कांनी दिलं, की गटागटा.

बाळाच्या डॉक्टरांनी कान बघितले, तोंड बघितलं. सगळं ठीक. वजन मात्र पंधरा दिवस जिथल्या तिथं.

"माझं दूधच नासलंय," सानिका म्हणाली.

"दूध नासलं असतं तर बाटलीतलं प्याली असती का?" अक्का म्हणाल्या. "दुधाचं मला सांगू नगंस."

पण सानिकाला ते ऐकू जात नव्हतं. पोर दुसऱ्याच्या खांद्यावर शांत व्हायची आणि तिच्याकडे आली की किंचाळायची. एकदा दुपारी चिंगी रडून रडून काळीनिळी पडली, तेव्हा सानिकानं तिला अक्कांच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसली, घरात यायची परवानगी नसल्यासारखी.

"अक्का, तिला मी नको आहे."

अक्का नातीकडे बघत होत्या. हे मुरडलेलं नाक, ही फिरवलेली मान त्यांनी कुठंतरी बघितली होती. आणि मग एकदम लक्षात आलं. मिरजेच्या बाजारातून आणलेली म्हैस! नव्या दावणीला आली आणि पान्हाच सोडेना. सड धरले की नाक फेंदारायची, लाथ उचलायची. तेव्हा अक्कांच्या सासऱ्यांनी जुन्या मालकाकडे माणूस पाठवून त्याचा न धुतलेला सदरा मागवला होता. नवी सून अक्का, साडीवर तो गुलाबी, घामट सदरा घालून धारेला बसली, आणि म्हशीनं हुंगून पान्हा सोडला. गवळ्यांत हे सगळ्यांनाच ठाऊक. जनावर तोंड बघून ओळखत नाही.

अक्का उठल्या, सुनेजवळ गेल्या आणि तिच्या मानेत नाक खुपसलं.

"अहो अक्का, काय करताय!"

"गप. हलू नगं." त्यांनी पुन्हा हुंगलं. "गेला."

"काय गेला?"

"तुझा वास. तू या घरात आलीस तवापासनं माझ्या नाकाला म्हाईत असलेला. ह्यो दुसऱ्याच कुणाचा तरी हाय."

बाळंतपणात सानिका कानाला जो मोठा सुती रुमाल बांधायची, तो ट्रंकेत तसाच होता. बाळंतिणीचा रुमाल म्हणून अक्कांनी तो धुतलेला नव्हता. त्यांनी तो आणला, सानिकाच्या गळ्यातून छातीवर पसरला आणि चिंगीला हातात दिलं. पोरीनं कमान करायला पाठ ताणली, आणि थांबली. नाक हललं. एकदा, दोनदा. मग रुमालाची कड ओल्या तोंडात आली, आणि रुमालामागून तिला पाहिजे ते सापडलं.

सानिकाचं रडं आवाजाचं नव्हतं. नुसतं पाणी वाहत होतं, आणि ते चिंगीच्या टाळूवर पडू नये म्हणून अक्का पदरानं टिपत होत्या.

"म्हशीची युक्ती गं," त्या म्हणाल्या. "कुणाला सांगू नगं, हसतील."

डॉ. मुल्लाणी हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची मागं सारली आणि बराच वेळ कपाळ चोळलं.

"कातडीचा वास जिवाणूच घडवतात. हे आम्हाला माहीत होतं. पण बाळ आईला कशावरून ओळखतं, याचा कुणी विचार केला नाही. चाचण्या झाल्या त्यांत अंगावर पाजणारी एकही बाई नव्हती."

"पोरं न झालेल्यांच्या तोंडावर बघितलं आणि पोरं झालेल्यांना दिलं," अक्का म्हणाल्या. "शिकलेली माणसं."

दोन वाटा होत्या. विरजण थांबवायचं, मग आजूबाजूला, केसांत, काखेत उरलेली जुनी वस्ती पसरत पसरत परत येईल, आणि तिच्याबरोबर गाठीही, ऐन उन्हाळ्यात. किंवा चालू ठेवायचं आणि बाळाला नव्या वासाची सवय करायची.

"सोडून दे की मग," हर्षवर्धन घरी आल्यावर म्हणाला. "चेहऱ्याचं काय एवढं?"

अक्का भाकरी थापत होत्या. हात तसेच ठेवून त्यांनी मान वळवली. "तुझ्या तोंडावर एक फोड आला होता दहावीत, तर तू फोटो काढायला गेला नव्हतास. बाईनं भिंतीकडं तोंड करून जेवावं आणि तू सरळ बसून? ती ठरवंल. तू जेव."

सानिकानं चालू ठेवायचं ठरवलं. अक्कांनी सवय लावायची रीतही म्हशीचीच काढली. जुन्या मालकाचा सदरा रोज दोन बोटं कापत आणायचा. वीस दिवसांत सदरा संपतो आणि म्हैस नव्या माणसाची होते. तसा तो रुमाल रोज दोन बोटं कापला. कापलेली पट्टी अक्का चिंगीवरून ओवाळायच्या, दृष्ट काढायच्या आणि पाणी तापवायच्या बंबात टाकायच्या. बाळंतिणीची वस्तू कुणाच्या पायाखाली येऊ नये.

एकविसाव्या दिवशी रुमाल संपला, आणि चिंगी त्याच्याशिवाय प्याली. वजन भरलं. सानिका पडद्यावर मोकळ्या तोंडानं बोलू लागली. कंपनीतल्या त्या गमत्या सहकाऱ्यानं "ओळखलंच नाही" म्हटलं, तर सानिका म्हणाली, "मला पण तुम्हाला ओळखायचं नव्हतं." अक्कांनी आतून ते ऐकलं आणि मनातल्या मनात सुनेला शाबासकी दिली. चांगली धार आली होती पोरीला.

गोष्ट इथंच संपली असती, तर बरं झालं असतं.

चैत्रातलं हळदीकुंकू राजश्रीकडे होतं. वाटली डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. पंचवीस-तीस बायका, आणि काय एकेकीचे चेहरे! त्या वाढत्या उन्हाच्या दिवसांत एकीच्याही गालावर फोड नव्हता, कपाळावर पुरळ नव्हतं. निळी डबी गल्लीभर झाली होती. सानिकाच्याच तोंडानं झाली होती.

चिंगी चार महिन्यांची. एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर फिरत होती. झोपेला आलेली, भुकेलीही. राजश्रीनं तिला खांद्यावर घेतलं, तर पोरीनं डोळे मिटले, नाक तिच्या गळ्याशी नेलं आणि तोंड उघडून छातीवर शोधू लागली.

"अगं बया! हिला माझीच पाहिजे!" राजश्री लाजून हसली. सगळ्या हसल्या. तिनं पोर पुढच्या बाईकडे दिली. तिच्याकडेही तसंच. तिसरीकडेही. डोळे मिटलेले, ओठ हलताहेत, आणि ज्या बाईजवळ जाईल ती तिची आई.

"गोड गं! सगळ्यांची लेक आहे ही!"

चौथ्या बाईच्या हातून सानिकानं लेकीला जवळजवळ हिसकावून घेतलं. ओट्या भरायच्या राहिल्या. घराच्या दारात आल्यावर तिनं चप्पलसुद्धा काढली नाही.

"अक्का, तिनं मला नाही ओळखलं. त्या डबीतल्या पोरीला ओळखलंय. ती पोर आता सगळ्या गल्लीत आहे."

"मोठी झाली की तोंड बघून वळखंल," अक्का म्हणाल्या. पण त्यांना स्वतःलाच ते पटलं नाही. आपणच दोन दोन बोटं कापून नातीला तिथं नेऊन सोडलं होतं. म्हैस नव्या मालकाची झाली होती. मालक कोण, ते कुणी विचारलंच नव्हतं.

"मला गाठी नको आहेत," सानिका म्हणाली. "आणि मला ही डबीतली पोर पण नको आहे, अंगावर बसलेली."

अक्का पायरीवर बसल्या. थोडा वेळ गुडघे चोळले.

"आमच्यात विरजण विकत आणत न्हाईत," त्या म्हणाल्या. "मोडलं तर शेजारनं आणायचं, पण एक दिवसापुरतं. तुझं कातडं थंडीत झ्याक असतंय न्हवं? मग तवाचं तुझंच विरजण का न्हाई लावत? चांगल्या दिवसांतलं काढून ठेवायचं, वाईट दिवसांत वापरायचं."

डॉ. मुल्लाणींनी ते ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. असं करून बघायला हरकत नव्हती. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्यांची मैत्रीण होती, ती वाढवून देईल. "पण नमुना हवा. सानिकाची थंडीतली वस्ती. ती आता तिच्या अंगावर नाही. तुम्ही म्हणालात तो रुमाल! डिसेंबरातला, न धुतलेला. कोरड्या कापडात काही जिवाणू टिकतात. त्याचा एवढासा तुकडा मिळाला तरी पुरे."

"जाळला," अक्का म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज इतका बारीक झाला. "रोज दोन बोटं. मीच, माझ्या हातानं. दृष्ट काढून."

सानिकानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुम्ही नसता तर तिनं दूधच सोडलं असतं, अक्का."

मग एकच वाट राहिली. विरजण आत्ता बंद करायचं, स्वतःची वस्ती परत येऊ द्यायची, तिच्या भांडणांसकट. उन्हाळा, पावसाळा, दसऱ्यानंतरचा उकाडा, सगळं तोंडावर सोसायचं. आणि थंडीत, कातडं सलग महिनाभर शांत राहिलं, की नमुना घ्यायचा. त्या वस्तीचं विरजण उन्हाळ्यात टिकेल की नाही, ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता येईना.

"सलग महिनाभर?" सानिकानं विचारलं.

"निदान महिनाभर."

वैशाखात पहिली गाठ उठली, डाव्या जबड्याखाली. मग मानेवर दोन. सानिका पडद्यासमोर ओढणीशिवाय बसली. एका गिऱ्हाइकानं विचारलं, तर "हवा बदलली की येतात" एवढंच म्हणाली आणि गुळाच्या ढेपांवर आली. गल्लीत बायका तिला डबी द्यायला आल्या, कीव करत. अक्कांनी त्यांना पन्हं पाजून डब्यांसकट परत पाठवलं. राजश्री मात्र थांबली. तिला पाचवा महिना होता. तिनं हळूच विचारलं, "माझा डबीच्या आधीचा एखादा परकर असेल न धुतलेला. ठेवू का जपून?"

"पेटीत कुलूप लावून ठेव," अक्का म्हणाल्या. "आणि सासूच्या हाताला लागू देऊ नगंस."

सानिकाचा वास हळूहळू फिरत गेला. या खेपेला चिंगीनं नाक मुरडलं नाही. एक दिवस दुपारी राजश्रीनं तिला उचललं, तर पोरीनं तिच्या गळ्याशी हुंगलं, मान मागं घेतली आणि सानिकाकडे हात पसरून भोकाड पसरलं. राजश्रीचा चेहरा पडला. सानिकाला त्या भोकाडाइतकं गोड काही वाटलं नव्हतं.

ती लेकीला घेऊन गोठ्याच्या सावलीत पाजायला बसली. पिऊन झाल्यावर खांद्याशी घेतलं, तेव्हा चिंगीची टाळू नेमकी जबड्याखालच्या गाठीवर टेकली, आणि कळ कानापर्यंत गेली. सानिकानं पोरीला हलवलं नाही.

समोर अक्का म्हशीच्या पाठीवर पाणी मारत होत्या. हर्षवर्धन घड्याळात हवेचा अंदाज बघत होता. येत्या थंडीचा आत्ताच यायला लागला होता.

"गेल्या साली थंडी किती दिवस होती?" सानिकानं विचारलं.

"एकोणीस," तो म्हणाला. "त्याच्या आदल्या साली सव्वीस."

"आणि यंदा?"

त्यानं घड्याळ झाकलं. "अंदाज आहे. अंदाजाचं काय खरं!"

सानिकानं अक्कांकडे पाहिलं.

"अक्का, महिनाभर तरी थंडी पडेल का हो?"